सुका मासा आणि पिळाची पाती

डुकराचं मुंडकं हसत नव्हतं, आणि त्यावरून तक घराण्यात सकाळपासून दोन तट पडले होते.

"हसतंय की," तेगुन म्हणाला. मुंडकं घरच्या या थोरल्या मुलानेच बाजारातून आणलं होतं, त्यामुळे त्याला ते हसरं दिसणं भागच होतं. "इकडून, डावीकडून बघा. ओठ वर गेलाय."

"ओठ वर गेलाय, कारण खाटकाने तिथे हुक अडकवला होता," त्याचे वडील चिलबोंग म्हणाले. "अरे, माझा जन्म होड्या जोडण्यात गेला. प्रत्येक होडीच्या पूजेला मी होतो, हसऱ्या डुकराच्या शकुनाशिवाय एकही पाण्यात गेली नाही. रडकं डुक्कर मला कळतं."

"म्हणूनच मी म्हणत होते, बाबा," थोरली सून योजिन म्हणाली आणि तिने पिशवीतून एक गुलाबी डबा काढला. डब्यात तांदळाच्या पिठाचं डुकराचं तोंड होतं. मोक्पोच्या मिठाईवाल्याकडून तिने ते खास करवून आणलं होतं, आणि हसू म्हणाल तर या कानापासून त्या कानापर्यंत. "हल्ली सगळे हेच ठेवतात. नंतर खाताही येतं. आणि चर्चमध्ये कुणाला कळलं तरी खाऊ होता म्हणून सांगता येतं."

"म्हणजे मी खाऊपुढे डोकं टेकायचं?"

"तुम्ही कशापुढेही टेका. मी टेकणार नाहीच आहे, मी आपली बाजूला उभी राहणार. पण बाजूला उभं राहायचंच तर खाऊच्या बाजूला बरं."

एरवी अशा वेळी ओकनानने तिसरी बाजू उघडली असती. चिलबोंगांच्या या धाकट्या बहिणीला दोनच बाजूंचं भांडण कधी पुरत नसे. पण आज ती समुद्रात नांगरलेल्या तराफ्याच्या कडेला उलट्या टोपलीवर बसून मुकाट्याने पाण्याकडे बघत होती. कारण ती मघाशीच एक काम गुपचूप उरकून आली होती, आणि ते तोंडून निसटेल याची तिला धास्ती होती.

काम तसं साधंच. जिंदो बेटावर नवी वस्तू आली की तिला सुका म्योंगते मासा बांधतात. होडी असो, ट्रक असो, केस कापायचं दुकान असो, पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलेला सुका मासा तिथे लटकला नाही तर त्या वस्तूचं काही खरं नाही असं सगळे धरून चालतात. पण धावत्या पाण्यावर वीज करणाऱ्या इसुलच्या यंत्राला मासा नाही, असा निकाल तिच्या बापानेच, म्हणजे चिलबोंगांनी, चुसोक सणाच्या जेवणात भर पंगतीत देऊन टाकला होता. "मासा टिकणाऱ्या वस्तूला बांधतात," ते म्हणाले होते. "तुझा हा वाळका मुळा पहिल्या उधाणात मोडणार. त्याच्यापायी चांगला मासा कशाला वाया घालवू? डुकराची पूजा करू, ती वाडवडिलांसाठी. मासा नाही." इसुलने खाली मान घालून भात संपवला होता. ओकनानला तो भात आठवला की अजून राग येई.

म्हणून आज सकाळी, इसुल शेवटची तपासणी करून किनाऱ्यावर तार बघायला गेली तशी ओकनान आपली होडी घेऊन तराफ्यावर आली. मासा तिने पदरचा, चांगला टपोरा घेतला होता. पांढरा दोरा मात्र तिने नावापुरताच गुंडाळला. दोन बेटांच्या मधल्या या चिंचोळ्या पाण्याला गाव 'गळा' म्हणतं, आणि ओहोटीला गळ्यातलं पाणी असं सुटतं की त्यात दोरा काय, दोऱ्याचं रीळही राहायचं नाही. मग तिने आपला गिमच्या शेतीचा जाड दोर घेतला. समुद्रात दोर पसरून त्यावर गिमचं शेवाळ वाढवायचं, हे तिचं जन्माचं काम, आणि तिची गाठ आजवर एकाही वादळाला सुटलेली नव्हती. यंत्रात सगळ्यात भक्कम काय दिसतंय ते तिने पाहिलं. मधोमध एक जाडजूड नळ होता. त्याला तिने मासा बांधला. आणि हयगय नको म्हणून दोराचे चार वेढे शेजारच्या लोखंडी आडव्या दांडीलाही मारले, आणि कुणाला दिसू नये म्हणून मासा दांडीच्या आड सारला. मग हात जोडून म्हणाली, "समुद्रदेवा, पोरीला जाऊ देऊ नकोस."

खरी गोष्ट ही होती. बाकीच्यांना वाटत होतं की आज यंत्राची परीक्षा आहे. ओकनानला ठाऊक होतं की आज इसुल राहते की जाते त्याचा निकाल आहे. गोजेच्या जहाज कारखान्याने इसुलला परत बोलावलं होतं, पगार मोठा, आणि आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. ही गोष्ट इसुलने फक्त आत्याला सांगितली होती. आई गेली तेव्हा इसुल दुधाचे दात पडायच्या वयाची होती, तेव्हापासून ती ओकनानच्याच अंथरुणात वाढली. मधली वर्षं गोजेत काढून ती दोन वर्षांपूर्वी परत आली, आणि तेव्हापासून ओकनानला संध्याकाळी घरी जावंसं वाटायला लागलं होतं. यंत्र चाललं नाही तर पोर पुन्हा जाणार आणि आपण पुन्हा टीव्हीशी भांडत जेवणार, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं.

आणि यंत्र आजच चालायला हवं होतं. गळ्यातली ही जागा मुळात ओकनानची. दर वर्षी गिमच्या जागांसाठी गावात चिठ्ठ्या टाकतात, त्यात यंदा तिला ही निघाली, आणि तिने दोर लावायचे सोडून ती भाचीच्या यंत्राला दिली. गावच्या मच्छीमार संस्थेचे प्रमुख दोंगपाल यांनी बराच काळ ऐकून घेतलं होतं. आता शेवाळाचे दोर लावायचे दिवस उलटत चालले होते आणि लोक कुरकुरत होते. "आजची एक ओहोटी," दोंगपालनी सांगितलं होतं. "पाणी धावायला लागल्यावर तुमच्या यंत्राने किनाऱ्यावरच्या गिम वाळवायच्या शेडमधले दिवे लावून दाखवायचे. लागले, तर जागा वर्षभर तुमची. नाही लागले, तर उद्या नव्याने चिठ्ठ्या." सध्या ते तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसले होते आणि मुंडक्याकडे बघून स्वतःच किंचित हसत होते. निदान कुणीतरी हसत होतं.

इसुल नारिंगी तरंगजाकीट घालून होडीतून वर चढली. "पाणी उभं राहायला आलंय," ती म्हणाली. "भरती संपली. यंत्र या थांब्यातच खाली सोडावं लागेल, एकदा ओहोटी धावायला लागली की सोडता येणार नाही. पूजा करायची तर आत्ता उरका."

"उरका?" चिलबोंग म्हणाले. "पूजा काय उरकायची गोष्ट आहे?"

तडजोड म्हणून दोन्ही डुकरं शेजारी शेजारी मांडली गेली, एक रडकं आणि एक खुदखुदणारं. लाल होंगजू दारू ओतली गेली. चिलबोंगांनी गुडघे टेकले, कपाळ टेकवलं, आणि खऱ्या डुकराच्या तोंडात नोट खोचली. इथपर्यंत ठीक चाललं होतं.

"आता मी," तेगुन म्हणाला.

"थांब. दोंगपाल पाहुणे आहेत. आधी पाहुणे."

"मी थोरला मुलगा आहे, बाबा. घराण्याची पूजा आहे."

"माझं म्हणाल तर," दोंगपाल खुर्चीतून न उठता म्हणाले, "जागा ओकनानबाईंची आहे. रीतीने त्यांचा मान पहिला."

"आत्याचा कसा काय?" तेगुन म्हणाला. "आत्या लग्न होऊन गेली. ती आता त्या घरची."

ओकनानने मघापासून धरलेलं मौन इथे संपलं. "त्या घरची? त्या घरचा माणूस गेला तेव्हा माझे दोर ओढायला त्या घरचं कोण आलं होतं रे? आणि तू तरी आलास का? पाठ दुखते म्हणून झोपला होतास."

"पाठ खरंच दुखत होती."

"गोल्फ खेळून दुखत होती," योजिन म्हणाली. नवऱ्याची बाजू घ्यायची वेळ असली की ती हमखास खरं बोलून जाई.

"तू गप्प बस. तुला तर वाकायचंही नाहीये."

"नाहीये. म्हणून तर माझं बोलणं निःपक्षपाती."

"दादा," ओकनान भावाकडे वळली, "तुम्ही सांगा. मी तक घरची की नाही?"

चिलबोंग अडचणीत आले. बहिणीला घरची म्हणावं तर मुलाचा मान जातो, नाही म्हणावं तर उद्यापासून तिच्या हातची किमची बंद. त्यांनी विचारासाठी अवधी म्हणून डोळे मिटले. तेगुनने तेवढ्यात गुडघे टेकायला घेतले, ओकनानने त्याला कोपराने बाजूला सारलं, आणि दोघंही एकदमच डुकरापुढे ओणवे झाले. एकाचं डोकं दुसऱ्यावर आपटलं. दोंगपालनी तोंडावर हात धरला.

त्याच वेळी मागे साखळीचा खडखडाट सुरू झाला.

सगळे वळले. इसुल कप्पीशी उभी राहून साखळी ओढत होती आणि यंत्र आपल्या लोखंडी चौकटीसकट संथपणे पाण्यात उतरत होतं. पिळलेली तीन पाती पाण्याला लागली, अर्धी बुडाली, दिसेनाशी झाली.

"पूजा व्हायच्या आधी?" चिलबोंगांचा आवाज फाटला.

"पाण्याने तुमचं भांडण मिटायची वाट बघितली नसती, बाबा. थांबा संपत आला." इसुलने साखळी अडकवली आणि वीजयंत्राचं झाकण उघडून बसली. यंत्राचा वरचा भाग, जिथे वीज तयार होते तो, तराफ्यावर कोरडा होता. तिथून जाड तार किनाऱ्यावरच्या शेडमध्ये जात होती.

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाणी हललं. आधी कडेचा फेस सरकायला लागला, मग तराफ्याचे नांगर ताणले गेले, मग गळ्याचा तो ओळखीचा आवाज सुरू झाला, मोठ्या कढईत काहीतरी उकळायला लागल्यासारखा. ओहोटी धावायला लागली. सगळे इसुलच्या तोंडाकडे बघत होते आणि इसुल वीजयंत्रावरच्या काट्याकडे बघत होती. काटा हलला नाही.

"अजून पाणी कमी असेल," योजिन म्हणाली.

"एवढ्या पाण्यात फिरायलाच हवं," इसुल म्हणाली.

पाणी आणखी वाढलं. तराफा थरथरायला लागला. काटा जागच्या जागी.

"सांगितलं होतं मी," चिलबोंग म्हणाले, आणि ते असं म्हणाले की जणू सकाळपासून हेच वाक्य तोंडात धरून होते. "पाती जाड हवीत. होडीच्या पंख्यासारखी रुंद. पाण्याने ढकलायचं तर ढकलायला काही तरी अंग हवं. त्या मुळ्याला पाणी धरणार कुठे?"

"बाबा, रुंद पातं पुढे जाताना ढकललं जातं, पण परत येताना पाण्याला तेवढंच अडवतं. पातळ पातं पाण्याला अडवत नाही, पाणी त्याला ओढतं. आपण हे किती वेळा बोललो."

"मागच्या यंत्राचंही हेच बोलली होतीस. शेवटी त्याला बांबूने ढकललं तेव्हा फिरलं. गाव अजून ढकलगाडी म्हणतं."

"त्याची पाती सरळ होती म्हणून," इसुल म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "सरळ पाती काही जागी अशी थांबतात की पाण्याची ओढ कुठल्याच पात्याला लागत नाही. म्हणून या वेळी पीळ दिला. पिळाच्या पात्याचा कुठला ना कुठला भाग पाणी पकडतोच. आपण होऊन सुरू व्हायला हवं होतं." तिने काट्यावर टिचकी मारली. "बहुतेक पीळ कमी पडला. माझाच हिशोब चुकला असेल."

"पूजेआधी उतरवलं," तेगुन म्हणाला. "दुसरं काय होणार?"

"माझ्यापुढे तरी सगळ्यांनी डुकराला दोष द्या, नाहीतर इसुलला," योजिन म्हणाली. "दोघांना एकदम नको."

"तुझ्या पिठाच्या डुकराने सगळं बिघडवलं," चिलबोंग म्हणाले.

दोंगपाल खुर्चीतून उठले. त्यांना वाईट वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "इसुल, पोरी, ओहोटी अजून बाकी आहे. पण पाण्याचा जोर तर हा आलाच. याच्यावर किती वाट बघायची?"

इसुलने झाकणावर हात टेकले. "आत्या," ती फक्त ओकनानला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी गोजेला हो सांगून टाकते."

"थांब ना जरा."

"कशासाठी? पाती फिरत नाहीत ते जाऊ दे, मधला नळ जरासुद्धा हलत नाहीये. कान लावून ऐकलं, काही नाही. दगड उभा केल्यासारखा आहे."

"नळ?" ओकनान म्हणाली. "नळ कशाला हलेल? तो तर खांब आहे ना? पाती फिरायची ना त्याच्याभोवती, छत्रीसारखी?"

"आत्या, पाती नळालाच जोडलेली आहेत. पाती नळाला फिरवतात, नळ वर वीजयंत्राला फिरवतो, म्हणून वीज होते. दोन वर्षं सांगतेय तुला. रोज."

ते खरं होतं. दोन वर्षं रोज रात्री इसुल जेवताना हे सांगत होती आणि ओकनान दर वाक्याला मान हलवत होती. मान हलवताना ती बघत मात्र असायची ते पोरीने मासळी किती खाल्ली आणि डोळ्यांखाली काळं आलंय का. ऐकलं तिने कधीच नव्हतं.

नळ फिरतो. नळ दांडीला बांधलेला आहे. कशाने, तर चार वेढ्यांनी. आणि गाठ तर कसली, आजवर एकाही वादळाला न सुटलेली.

क्षणभर तिला वाटलं, सांगूच नये. संध्याकाळी पाणी उभं राहील तेव्हा गुपचूप यावं आणि सोडून टाकावं. पण तोवर दोंगपाल गेलेले असतील आणि फोनही झालेला असेल. शिवाय पलीकडे दादा अजून बोलत होते, "जाड पाती, जाड पाती," आणि इसुल त्यांना उत्तरही देत नव्हती. पोरगी उत्तर देत नाही, हे ओकनानला सोसलं नाही.

"पातळच बरी आहेत पाती," ती मोठ्याने म्हणाली. "पाती फिरतील. नळ मी बांधलाय."

सगळी तोंडं ओकनानकडे वळली.

"काय केलंयस?" चिलबोंग म्हणाले.

"मासा बांधला. सकाळी. नळाला आणि आडव्या दांडीला. गिमच्या दोराने."

"अख्ख्या समुद्रात तुला बांधायला," चिलबोंग म्हणाले, "तेवढा एकच फिरणारा भाग सापडला?"

"मला काय ठाऊक कुठला फिरतो? तुम्हीच म्हणालात मासा नाही. तुम्ही बांधला असता तर मला बांधावा लागला असता का?"

इसुल हसायला लागली. ते बरं हसू नव्हतं, त्यात रडू मिसळलेलं होतं, पण तिचे हात लगेच कामाला लागले. तिने वीजयंत्राच्या बाजूचा ब्रेक खाली ओढून घट्ट केला. "आत्या, गाठ किती खाली असेल?"

"हातभर. माझ्या हाताने पोचेल. कोयती आहे माझ्याकडे."

"मी कापते."

"तुला दोर कापता येतो का? धावत्या पाण्यात दोर कापायचं काम माझं. तू ते ब्रेक का काय ते धरून बस. मला सोबत फिरवलंस तर बघ."

ओकनान तराफ्याच्या मधोमध यंत्र सोडायला ठेवलेल्या मोकळ्या चौकोनाच्या कडेला पालथी पडली आणि कमरेपर्यंत बाहेर झुकली. चिलबोंगांनी तिचे पाय धरले. त्यांचाच तोल जायला लागला तेव्हा तेगुनने त्यांचा पट्टा धरला. योजिनने तेगुनचं जाकीट धरलं. आणि संस्थेच्या प्रतिष्ठेचा विचार करून थोडा वेळ बाजूला राहिलेल्या दोंगपालनी शेवटी योजिनचा हात धरला.

"सापडली," ओकनानचा आवाज खालून आला. तिचं तोंड पाण्यापासून वीतभर वर होतं आणि केस पाण्यात होते. "माझी गाठ सापडली. मासा पण आहे अजून. हे काय, इथे अजून एक मासा आहे."

"काय?"

"दुसरा मासा. निळी फीत बांधलीय. फुलासारखी गाठ मारलीय वर." तिने फीत ओढून बघितली. "ही फीत चर्चच्या नाताळच्या पिशव्यांना असते."

वर तेगुनने मागे वळून बायकोकडे बघितलं.

"योजिन," तेगुन म्हणाला, "तू?"

"मासा बायबलमध्येही आहे," योजिन म्हणाली. "मी डुकराला वाकले नाही. मासा वेगळा. आणि मी चौकटीला बांधला, फिरणाऱ्या भागाला नाही. कुठला फिरतो ते मी आधी इसुलला विचारलं होतं."

"तू विचारलंस आणि तिने सांगितलं?" ओकनान खालून म्हणाली.

"हो. मी ऐकलं."

"बरं बरं." कोयतीचे दोन घाव ऐकू आले. "एक वेढा तुटला. दुसरा. इथे तर मासळीबाजार भरलाय. तिसरा मासा."

"तो माझा नाही," तेगुन घाईने म्हणाला. त्याच्या आवाजात आपण मागे पडल्याची थोडी खंत होती.

"तुझा नाहीच, ते दिसतंय. हा तारेने बांधलाय. तांब्याची तार. वेढे कसे, एकाला एक लागून, मोजून बसवल्यासारखे. टोक आत वळवून दाबलंय, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून." ओकनानने मान किंचित वळवली, पण पालथं पडलेल्या माणसाला आपले पाय धरणाऱ्याचं तोंड दिसत नाही. "दादा. हा पीळ कोणाचा?"

आपल्या पायांवरची पकड घट्ट झालेली तिला जाणवली. गावातल्या कुठल्याही होडीवर तारेचा तो पीळ दिसला की लोक न विचारता सांगत, ही चिलबोंगांच्या हाताची आहे.

"दादा, टिकणाऱ्या वस्तूलाच मासा बांधतात ना?"

"तू दोर काप," चिलबोंग म्हणाले. "माझे हात दुखायला लागलेत."

ओकनानने शेवटचा वेढा कापला. दोर पाण्याने ओढून नेला, त्याच्यासोबत तिचा टपोरा मासाही गेला. सगळ्यांनी मिळून तिला मागे खेचलं तेव्हा सगळेच एकमेकांवर पडले, आणि त्या गोंधळात पिठाच्या डुकरावर कोण बसलं ते शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही.

"ब्रेक सोडतेय," इसुल म्हणाली.

नळ एकदा गचका देऊन थांबल्यासारखा झाला. मग हळूच फिरायला लागला, आपला आपण, कुणी न ढकलता. पुढच्या क्षणी तो इतक्या सहज फिरत होता की जणू कधी थांबलाच नव्हता. तराफ्याच्या तळातून एक खोल गुणगुण वर आली आणि ओकनानच्या ओल्या पोटापर्यंत पोचली. काटा वर चढला. इसुलने एक खटका दाबला, आणि पलीकडे किनाऱ्यावरच्या शेडच्या खिडक्या एकामागून एक उजळल्या.

दोंगपालनी योजिनचा हात सोडला, कपडे झटकले आणि घसा साफ केला. "वर्षभर जागा तुमची," ते म्हणाले. "पण ओकनानबाई, यंत्राजवळ जायचं असेल तर आधी इसुलची परवानगी घ्यायची. हे संस्थेच्या वतीने सांगतोय."

"ओहोटी संपून भरती आली की हे उलटं फिरेल का?" तेगुनने विचारलं.

"नाही," इसुल म्हणाली. "पाणी येवो की जावो, हे एकाच बाजूला फिरतं."

"आपल्या घरातलं पहिलंच," ओकनान म्हणाली. योजिनने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

इसुल बापाजवळ गेली. चिलबोंग मुंडक्यासमोर उकिडवे बसून त्याच्या तोंडातली नोट उगाचच नीट करत होते.

"बाबा, तुमची तार काढून टाकू का? पुढच्या वेळी यंत्र वर घेईन तेव्हा?"

"कशाला? फिरणाऱ्या भागापासून चांगली लांब आहे. नकाशा बघूनच बांधलीय."

"कुठला नकाशा?"

"तू शेडमध्ये पसरून ठेवतेस ते. सगळेच." त्यांनी नोट पुन्हा एकदा नीट केली. "पिळाचा कोन लिहितेस तिथे सातचा आकडा नीट काढत जा. एकच्या आकड्यासारखा दिसतो. मला तिसऱ्या कागदावर सगळा हिशोब परत करावा लागला तेव्हा कळलं की सात आहे."

इसुल खिशातून फोन काढून तराफ्याच्या टोकाला गेली. गळ्याच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू आलं. "नाही, मशीन नाही, पाण्याचा आवाज आहे. हो, त्यासाठीच फोन केलाय. नाही येत मी. नाही, पगाराचं नाही. इथे काम आहे."

चिलबोंगांनी मान वर केली. "कुठे नाही येत? कोणाचा फोन?"

"काही नाही, दादा," ओकनान म्हणाली. आनंदाने तिला धड बसवत नव्हतं, आणि डोळे पुसायचे तर टॉवेल आधीच ओला होता.

इसुल परत आली आणि आत्याशेजारी टेकली. ओकनानने तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"आता एकदा परत सांग," ती म्हणाली. "कुठला भाग फिरतो, कुठला नाही. पहिल्यापासून."

इसुलने सांगायला सुरुवात केली. ओकनानने या वेळी मान हलवली नाही. ती ऐकत होती.